पाठीवरची माती

कराडच्या आमच्या तालमीत मेहनत झाल्यावर अंगाची माती लगेच धुवायची नाही, असा वस्तादांचा दंडक होता. घाम मातीतच जिरू द्यायचा, माती अंगावर वाळली की हातानं खरवडायची आणि शेवटी जोडीदारानं जोडीदाराची पाठ धुवायची. माझी पाठ माझा जोडीदार धुवायचा, त्याची मी. उंब्रजजवळच्या एकाच गावातून, एकाच पत्र्याच्या ट्रंकेत दोघांचे कपडे कोंबून आम्ही तालमीत आलो होतो. साठ सालानंतरचे ते दिवस. आम्ही दोघंही विशीतले.

तो माझ्यापेक्षा चांगला पैलवान होता. हे मी आज मोठ्या मनानं सांगतोय असं समजू नका. तेव्हाही ते सगळ्या तालमीला ठाऊक होतं आणि मला त्याचा रागही यायचा. फक्त त्याला एक खोड होती. झटापट रंगात आली की त्याला हसू यायचं. माझा हात मानेवर पडला की हा खुदकन हसणार, मग मीही हसणार, आणि वस्तादांची छडी दोघांच्या पोटऱ्यांवर बसणार.

अशात सांगलीच्या मैदानात त्याची कुस्ती ठरली. समोरचा गडी तिथल्याच एका तालमीतला, डाव्या अंगानं लढणारा. तसा गडी आमच्याकडे नव्हता. म्हणून वस्तादांनी मला त्याची कुस्ती बघायला दोन जत्रांना धाडलं. येताना त्याला अंगात घेऊन ये, म्हणाले. मी नीट बघून आलो. तो डावा पाय पुढे कसा टाकतो, पाय ओढायला वाकण्याआधी उजव्या तळव्यानं मांडी कशी पुसतो, दम लागला की हनुवटी कशी वर करतो, ते सगळं मी मातीत उतरून करून दाखवलं. वस्ताद खूश झाले. मग त्यांनी सगळ्या पोरांना आखाड्याभोवती बसवलं.

"आजपास्नं ह्यो आपला गडी न्हाई," माझ्याकडे बोट करून ते म्हणाले. "ह्यो सांगलीचा हाय. मैदान हुईस्तोवर ह्याच्यासंगं कुणी बोलायचं न्हाई, जेवाय बसायचं न्हाई, ह्याची पाठ धुवायची न्हाई." मग माझ्या जोडीदाराकडे वळून म्हणाले, "आता बघू कसा हसतोस त्ये."

अंगाची तयारी जोर-बैठकांनी व्हायची, मनाची ही अशी. पहिले दोन दिवस पोरांना गंमत वाटली. मला बघून एकमेकांना कोपरानं ढोसायची. मग गंमत संपली आणि सवय लागली, आणि ती जास्त वाईट होती. मी आत आलो की गप्पा थांबायच्या. माझं ताट दाराशी वेगळं वाढलेलं असायचं. जोडीदार रोज पहाटे माझ्यासमोर उभा राहायचा, मला धरायचा, आपटायचा आणि उठून जायचा. ट्रंक एकच, त्यामुळे लंगोट काढताना आमचे हात एकमेकांना लागायचे. तेव्हाही तो बोलायचा नाही. वस्तादांची पाठ वळलेली असतानाही बोलायचा नाही, हे मला फार लागलं. माझी पाठ मी तालमीमागच्या लिंबाच्या खोडाला घासायचो. खांद्याच्या हाडाखाली बोटभर जागा कायम सुटायची. तिथली माती दिवसभर खाजायची, आणि खाजली की मला त्याची आठवण यायची.

महिना होत आला तेव्हा एके दिवशी त्यानं मला असं आपटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. कान फुटला. पडल्या पडल्या मी वर पाहिलं. तो हसत नव्हता. रागावलेलाही नव्हता. आपण कुणाला पाडलं हेच त्याला माहीत नसावं, असा चेहरा होता.

"झालं काम," वस्ताद म्हणाले.

मला अभिमान वाटला आणि रडूही आलं. दोन्ही एकाच वेळी. मैदान झालं की तो पुन्हा माझ्याशी बोलेल, एवढ्या एकाच आशेवर मी मार खात होतो.

सांगलीला सगळी तालीम एका गाडीनं गेली आणि मी दुसऱ्या. तीही वस्तादांचीच आज्ञा. कृष्णाकाठच्या त्या मैदानात मी सांगलीच्या लोकांत बसलो. शेजारी हळदीच्या पेठेतला एक हमाल होता, त्याचा सदरा पिवळा झालेला. कुस्ती लागली. बराच वेळ नुसतीच झटापट चालली. मग सांगलीच्या गड्यानं उजव्या तळव्यानं मांडी पुसली. तो आता वाकणार हे मला कळलं आणि माझ्या जोडीदारालाही कळलं. बसल्या जागी माझा डावा पाय आपोआप पुढे सरकला. दुसऱ्या क्षणी सांगलीचा गडी आभाळाकडे तोंड करून पडला होता.

"गेला आपला," हमाल म्हणाला. आणि देवाशपथ सांगतो, मला मीच पडल्यासारखं वाटलं.

जोडीदाराला पोरांनी खांद्यावर घेतलं, फेटा बांधला. मी वाट काढत जवळ गेलो. त्यानं खाली पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याची नजर तशीच पुढे गेली. गर्दीत मी ओळखू आलो नसेन. पण एवढी समजूत त्या वेळी माझ्याकडे नव्हती. मी तिथून सरळ नदीवर गेलो.

घाटाच्या खालच्या पायरीवर तो हरलेला गडी एकटाच बसला होता. त्याच्या तालमीतलं कुणीही बरोबर नव्हतं. मी दोन पायऱ्या सोडून बसलो. या माणसाची चाल आणि त्याचा दम मला पाठ होता, आणि त्यानं मला जन्मात पाहिलं नव्हतं.

"पाव्हणं," तो म्हणाला, "पाठीला माती ऱ्हायलीया का बघा जरा."

इतक्या दिवसांत माझ्याशी कुणी इतकं आपलेपणानं बोललं नव्हतं. मी खाली उतरलो. पाठभर माती होती, चीत झालेल्या माणसाची असते तशी. ओंजळीओंजळीनं पाणी घेऊन मी ती धुतली. खांद्याच्या हाडाखालची ती बोटभर जागासुद्धा धुतली. तो मान खाली घालून बसला होता. मी कुठला हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

दिवस मावळताना मी, आमची तालीम उतरली होती त्या धर्मशाळेत गेलो. पोरं आत जेवायला बसली होती. मागच्या अंगणात आडाजवळ माझा जोडीदार एकटाच लंगोटावर बसलेला, फेटा मांडीवर. अंगावरची माती वाळून तडकली होती.

"कुठं हुतास रं?" तो म्हणाला. "लय शोधला तुला. पोरं पाठ धुतू म्हणत हुती. मीच न्हाई म्हणलं."

बादली ओढून मी त्याच्यामागे बसलो. पहिला हात पडताच त्याचं अंग शहारलं आणि तो खुदकन हसला.

"हात का रं एवढं गार पडल्यात तुझं?"

"नदीवर गेलतो," मी म्हणालो.

कशाला गेलो होतो, हे त्यानं विचारलं नाही. चाळीस दिवसांचं साचलेलं तो भडाभडा बोलत राहिला आणि मी त्याची पाठ धूत राहिलो. धुऊन झाल्यावर तो वळला आणि बादली आपल्याकडे ओढली.

"आता तुझी दे."

"माझ्या पाठीला आज माती न्हाई," मी म्हणालो.

ते खरं होतं. तरी खांद्याच्या हाडाखाली खाजत होतं. ते मी त्याला सांगितलं नाही.