चौथा उद्गार

गुड फ्रायडेला आमच्या चर्चच्या मंडळीतले सात जण, प्रभू येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर एकेक करून बोलतात. चौथा कुणालाच नको असतो. 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' यावर माणूस काय बोलणार? यंदा तो रिबेकाने मागून घेतला. तिचं तान्हं बाळ अतिदक्षता विभागात आहे.

तिने वाक्य वाचलं आणि ती थांबली. पाळकसाहेबही मान वर करीनात.

लग्नाआधी मीही या उद्गारावर बोलले होते. केवढी विदुषी मी. देवाने सोडलं नव्हतंच, तसं फक्त वाटलं, हे मी कडक इस्त्रीच्या साडीत अर्धा तास समजावलं, जणू वधस्तंभाशेजारी माझीच खुर्ची होती. तोवर माझी साधी दाढसुद्धा दुखली नव्हती.

अखेर रिबेका म्हणाली, "पुढे उत्तर असेल म्हणून मी शोधलं. आकाशातून कुणीच काही बोललं नाही. तरी त्याने 'माझ्या देवा' अशीच हाक मारली. मला तेवढंही म्हणवत नाही."

ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"आजी, चुकीचं बोलले का मी?"

"नाही गं. शास्त्रात आहे तेवढंच बोललीस."

"मग माझ्या वतीने तुम्ही हाक मारा ना."

मी हळूच "माझ्या देवा" म्हटलं. त्यापुढे काय म्हणायचं, ते मलाही सुचलं नाही.