साठ रुपये वाचवून सोनगीरपर्यंत

जळगावातल्या पिंप्राळ्यातून निघालो तेव्हा हातात भरताच्या वांग्यांची पिशवी होती आणि डोक्यात अर्थशास्त्र. धुळ्याची माझी थोरली बहीण, अक्का, त्या दिवशी दुपारी एकला कायमची इंदूरला मुलाकडे निघणार होती. त्याआधी सकाळभर गप्पा आणि जळगावच्या वांग्यांचं भरीत, असा बेत होता. धुळ्याला थेट बस होती. पण नरडाण्यापर्यंत पॅसेंजर आणि पुढे काळीपिवळी (सीटं भरली की सुटणारी जीप) असं गेलं, तर साठ रुपये वाचत होते.

बायको म्हणाली, "बसनं जा." साठ रुपये वाचवणं म्हणजे कमावणंच कसं, हे मी तिला समजावून सांगितलं. त्यात पंधरा मिनिटं गेली.

पॅसेंजर बाकी प्रेमळ. प्रत्येक मालगाडीला वाट देत होती. खिडकीतून वेचून झालेली कपाशी आणि मधूनच हिरवागार हरभरा इतका वेळ बघितला, की झाडं मोजता आली असती.

नरडाण्याला उतरलो तेव्हा साडेअकरा. जीपमध्ये फक्त एक आबा बसलेले.

"कधी निघणार?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"बठ्ठा भराई गयात का निंघसूत," (सगळे भरले की निघू) तो म्हणाला. "नही ते स्पेशल करा."

स्पेशलचा भाव ऐकून मी आत बसलो. साठ वाचवलेला माणूस चारशे कसे देईल? तासभर गेला. शेवटी आबाच म्हणाले, "इतला टाईममा पाये पाये सोनगीर येई जातं, भाऊ!" (एवढ्या वेळात वाटेतलं सोनगीर चालतसुद्धा आलं असतं)

जीप एकदाची सुटली आणि बाकी सगळे तिथलेच निघाले म्हणून सोनगीरलाच संपली. तिथून अक्काला फोन केला.

"आम्ही निघालो रे," अक्का म्हणाली. "गाडी सोनगीरवरूनच जाते. थांब तिथेच, हलू नकोस. आणि कृपा करून आता काही वाचवू नकोस."

मी हायवेवरचा ढाबा गाठला. मालक नाना मोठे दिलदार. "गॅसवर देतो पटकन भाजून," म्हणाले. मी भडकलो. जळगावचं भरीत आणि गॅसवर? मागच्या अंगणात पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) पेटवून घेतल्या. वांगी निम्मी भाजली तोच गाडी आली.

भाचा खाली न उतरताच म्हणाला, "मामा, पंधरा मिनिटं. जास्त नाही."

अक्का बाजेवर बसली. मी धुरात डोळे पुसत वांगी उलटत होतो, सोलत होतो, बडगीत (लाकडी उखळात) ठेचत होतो. मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. मध्ये मध्ये ओरडत होतो, "झालंच अक्का, दोन मिनिटं!"

"अरे, वांगी इंदूरलाही मिळतात," ती म्हणाली. "तू इकडे येऊन बस ना."

"आलोच!"

आलो तेव्हा भाच्यानं गाडी सुरू केलेली होती. भरीत डब्यात गेलं. अक्कानं माझ्या तोंडावरची राख पदरानं पुसली. "खमंग झालंय वासावरून," एवढंच म्हणाली आणि गेली.

परतताना सोनगीरहून धुळ्याला जाऊन मी जळगावची विनाथांबा बस धरली. जादा पैसे मोजले, चांगले मोजले. साध्या बसपेक्षा घरी अर्धा तास लवकर पोचलो. त्या अर्ध्या तासात करण्यासारखं काहीच नव्हतं.