तांब्याचा पैसा

यवतला हायवेलगत आमचं हॉटेल. मी गल्ल्यावर बसतो, त्यामुळं शेजारची काचेची टाकी दिवसभर डोळ्यांसमोर. मालक बाळासो यांना गिऱ्हाइकांना समुद्र दाखवायची हौस. तो समुद्र उभा केला केडगावच्या धम्मदीपनं. प्राणिशास्त्र शिकून बी.एस्सी. झालेला माणूस, आणि काम काय, तर टाकीच्या काचा पुसायच्या!

टाकीत बोटाएवढ्या जोकर माशांची जोडी होती, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. मोठी ती मादी. उष्ण समुद्रात प्रवाळाच्या आसऱ्यानं हे मासे समुद्रफुलात राहतात. नाव फूल असलं तरी तो प्राणीच, आणि दुसऱ्या माशांना डसतो.

"यांच्या अंगावर चिकट थर असतो, म्हणून फूल यांना परकं मानत न्हाई," धम्मदीप सांगायचा. "आन् मादी मेली की नराचीच मादी व्हती."

दसऱ्याच्या तोंडावर मादीनं फुलाशेजारच्या दगडावर अंडी घातली. नर त्यांच्यापाशी पंखांनी पाणी हलवत राहायचा. पुढं अंड्यांत चंदेरी डोळे दिसायला लागले, तसा धम्मदीप मला हाताला धरून टाकीपाशी घेऊन गेला. "पिल्लं जगली तर कुणीतरी म्हणंल की, ही धम्मदीपनं वाढवली." शिक्षणाचं चीज व्हावं एवढीच त्याची आस होती.

त्याच दिवशी मालकांच्या आई, रतनबाई, पूजेच्या तयारीला आल्या. धम्मदीपचा हात कोपरापर्यंत टाकीत होता.

"कुणाचा रं तू? ऱ्हातो कुठं?"

"केडगावच्या बौद्धवस्तीत, आजी."

म्हातारीनं तोंड फिरवलं.

दसऱ्याच्या सकाळी समुद्रफूल आक्रसून तळाला पडलं होतं. पाणी गढूळ, अंडी पांढरीफटक. धम्मदीपनं वाळू चाचपली, तर जुना तांब्याचा पैसा हाताला लागला.

"खाऱ्या पाण्यात तांबं म्हंजी या फुलाला इख! कुणी टाकलं?"

"म्या टाकला," रतनबाई म्हणाल्या. "तुज्या हातानं पाणी बाटलं हुतं. तांब्यानं शुद्ध व्हतं."

मालक हार लावत होते. "जाऊ दे, धम्मदीप. सणाच्या दिवशी वाद नको. उद्यापासनं तू येऊ नको."

माझं डोकंच फिरलं. "मालक, केलं कुणी आन् घालवताय कुणाला?" मी म्हणालो. ते पुढचा हार लावायला वळले.

धम्मदीप टाकीपुढं उभा राहिला. नर अजून त्या मेलेल्या अंड्यांना वारा घालत होता. धम्मदीपला रडू आवरेना. बाहीनं डोळे पुसून त्यानं तो पैसा रतनबाईंपुढं काउंटरवर ठेवला.

"तुमचा हाय, आजी. घ्या."

त्या हात लावेनात. त्यांनी पेलाभर पाणी मागवलं, त्या पैशावर ओतलं, आणि मगच तो उचलून पदराच्या गाठीला बांधला.