प्रमिलामावशींची डावी बाजू

प्रमिलामावशींवर अन्याय झाला तो यंदा ईदनंतरच्या पहिल्या शुक्रवारी, दुपारच्या जेवणानंतर, इथं आखातातल्या दार्सैतमधल्या त्यांच्याच हॉलमध्ये. त्यांच्या कमरेच्या एमआरआयची फिल्म बाल्कनीच्या काचेला लावून चौघेजण वाचत होते. मावशींचा मुलगा नितीन आणि त्याचे तीन मित्र. चौघेही इंजिनिअर, डॉक्टर एकही नाही. मणक्यातली एक चकती जराशी बाहेर आल्याचं रिपोर्टात होतं, तेवढ्यावर साइटचं ड्रॉइंग तपासावं तशी बोटं फिरली.

"लोड सगळा इथं येतोय," सिव्हिलवाला म्हणाला.

"सपोर्ट गेला की खलास," पाइपिंगवाला म्हणाला.

चहा संपायच्या आत निकाल लागला. मावशींनी नागपूरला जायचं, ऑपरेशन करून घ्यायचं आणि मग तिथंच राहायचं. तिथं त्यांचं कोण आहे? कुणीही नाही. मी शेजारच्या फ्लॅटमधली, रवा मागायला गेले होते. न राहवून म्हटलं, "मावशी, तुम्ही बोला ना काहीतरी!"

"काय बोलू बाई? मी मशीन. करकर कुठून येते हे मशीनला विचारतात का?"

मावशींना पाहायचं तर कडेवरच्या पोरासकट पाहायचं. बिल्डिंगमधल्या आया ऑफिसला गेल्या की त्यांची बाळं मावशींकडे. एक कायम डाव्या कडेवर, उजव्या हातानं वरणाला फोडणी. "जागं पोर जमिनीवर ठेवू नये, त्याला जग वरून बघू द्यावं," हे त्यांचं शास्त्र. इथली पोरं पुढे शाळेत फाडफाड इंग्रजी बोलतात, पण त्यांचा पहिला मराठी शब्द "घे" असतो आणि तो मावशींसाठी असतो. दुखणं सुरू झाल्यापासून त्या एकच सांगत होत्या, "मणका नाही रे, आत बाजूला कुणीतरी मूठ आवळून बसलंय." यावर सगळ्यांचं ठरलेलं उत्तर: वय झालं, वजन कमी करा.

मी त्यांना टॅक्सीत घालून जवळच्या रुवी भागातल्या एका फिजिओथेरपिस्टकडे नेलं. शीजा नावाची केरळची मुलगी. तिनं आधी पायांची ताकद पाहिली, तळव्यांना स्पर्श कळतो का पाहिलं. मग स्वतःची जड बॅग पुढे केली. "आंटी, बच्चे को कैसे उठाते हो, दिखाओ."

मावशींनी डावं कंबरडं वर काढून बॅग त्यावर बसवली. शीजानं शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये अंगठा दाबला.

"आई गं! हाच तो! हाच मेला!" मावशी ओरडल्या आणि लगेच हसायला लागल्या. कित्येक महिन्यांनी त्यांचं कुणीतरी ऐकलं होतं.

तिथं खोलवर एक चौकोनी स्नायू असतो, क्वाड्रेटस लंबोरम. बरगडी, मणके आणि कमरेचं हाड यांना धरून ठेवणारा. कंबर एका बाजूनं सतत उचललेली ठेवली की तो आखडतो. "डिस्क इस उमर में बहुतों की ऐसी दिखती है," शीजा म्हणाली. "पैर ठीक हैं. ऑपरेशन की जल्दी क्यों? पहले इसको ढीला करते हैं." पुढे तिनं ऑर्थोपेडिक डॉक्टरांनाही दाखवायला लावलं. त्यांचंही मत तेच पडलं.

व्यायामानं मूठ हळूहळू सुटली. एका सकाळी मावशी कशालाही न धरता पलंगावरून उठल्या, आणि दारात उभ्या असलेल्या नितीननं खिशातून फोन काढला. "आई, तिकीट कॅन्सल करतो," एवढंच बोलला.

"कर. आणि त्या सिव्हिलवाल्याला सांग, पूल शाबूत आहे."

आता मावशी खुर्चीत बसतात आणि पोरं त्यांच्या मांडीवर चढतात. नागपूरचा विषय त्या घरात पुन्हा निघालेला नाही. मला इतकं हलकं वाटतं की चौघांवरचा राग धरून ठेवायलाही कष्ट पडतात. पण धरून ठेवणार आहे.

तुमच्याही घरात कुणीतरी कंबर धरून उठत असेल. आज तिच्यासमोर बसा. कुठं दुखतं ते तिला तिच्या हातानं दाखवू द्या. आणि तिचं सांगून संपेपर्यंत तोंड उघडू नका.