कोणी यायचं नाही

मोठ्या हॉटेलच्या तळघरात लाँड्री होती. तिथे चादरी इस्त्रीला लावणाऱ्या एका बाईला सगळे ‘अर्धी’ म्हणत. ती चहा अर्धा कप घ्यायची, बोलायची ते अर्ध्या वाक्यात. नाव तिला चिकटलं आणि तिनेही ते झटकलं नाही.

पंचेचाळिशी उलटली तरी अर्धीने लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं तर खरं तेच सांगायची, “नाही वाटलं.” लोकांना एवढ्याने पटायचं नाही. कुठेतरी पाणी मुरतंय, असंच सगळ्यांना वाटायचं. पण अर्धीच्या बाबतीत खरंच काही मुरत नव्हतं. कोणी फसवलं नव्हतं, कोणी सोडून गेलं नव्हतं. मैत्रिणी ज्याच्यासाठी रडल्या, पळून गेल्या, परत आल्या, ते तिला कधी हवंसंच वाटलं नाही. एखाद्याला गोड आवडत नाही, तसं.

काम दोघींचं असायचं. ओल्या चादरीचं एक टोक अर्धीच्या हातात, दुसरं ‘रेडिओ’च्या. ही तिची जोडीदारीण; तोंडाला टाळं नाही म्हणून रेडिओ. दोघींनी एका ठेक्यात चादर ताणायची आणि गरम रोलरच्या तोंडी द्यायची. ठेका चुकला की चुणी पडे. त्या ठेक्यावर अर्धी स्वतःशी एक गाणं म्हणायची. तिनेच जुळवलेलं, एवढंसं:

एक कप, एक ताट,
एक उशी, एक वाट.
कोणी यायचं नाही,
दार लावून घेते.

संपलं की पुन्हा पहिल्यापासून. पाहुणे गेल्यावर घर शांत होतं आणि आपण पाय पसरून बसतो, तेव्हाचं सुख तिला त्यात सापडे. खरं तर तसं दार तिच्या नशिबी नव्हतं. धाकट्या भावाच्या घरात मागची खोली तिची होती, पण धान्याचे डबे, जादा गाद्या, भावजयीची शिलाई मशीन, सगळं तिथेच. दिवसभर कोणी ना कोणी आत-बाहेर करायचं. म्हणून दार निदान गाण्यात लावून घ्यायची.

हॉटेलच्या कामगारांचा मेळावा होता. रेडिओने गाण्यासाठी परस्पर तिचं नाव दिलं. अर्धी नाही-नाही म्हणत असतानाच कोणीतरी तिला माईकसमोर ढकललं. तिने चार ओळी म्हटल्या, आणखी एकदा म्हटल्या आणि थांबली. मग मुख्य आचाऱ्याने मोठ्याने नाक शिंकरलं आणि निम्म्या बायका रडायला लागल्या.

“किती गं सोसलंस!” रेडिओ गळ्यात पडली.

“काय सोसलं?” अर्धीने विचारलं. पण तिचं कोण ऐकतं!

रडणाऱ्यांत हॉटेलचा बॉयलरवालाही होता. बायको जाऊन काही वर्षं झालेला, शांत, सरळ माणूस. त्याने रेडिओजवळ शब्द टाकला, आणि रेडिओने तो संध्याकाळच्या आत भावजयीच्या कानी घातला.

“ताई, माणूस सोन्यासारखा आहे,” भावजय म्हणाली. “व्यसन नाही, मागे कटकट नाही. आपणहून चालून आलाय.”

“मला नको.”

“पण का?”

“नको म्हणून.”

भाऊ जेवता जेवता थांबला. “तू थांबली आहेस तरी कोणासाठी?”

“कोणासाठी नाही.”

“मग गाण्यात वाट कोणाची बघतेस?”

“अरे, वाट म्हणजे रस्ता. घरापासून लाँड्रीपर्यंत.”

“मला शिकवू नकोस,” भाऊ म्हणाला आणि ताटावरून उठला.

मग तिला एकही दिवस चैन पडू दिली नाही कोणी. लाँड्रीत रेडिओ, घरी भावजय. इकडे आड, तिकडे विहीर. बॉयलरवाला चहाला आला. नवा शर्ट, कानामागे साबण तसाच राहिलेला. तो अदबीने बोलला, कप स्वतः विसळून ठेवला. नाव ठेवायला जागा नव्हती, हीच तर पंचाईत. वाईट माणसाला नकार दिला तर लोक समजून घेतात. चांगल्याला द्यायला कारण लागतं, आणि तिच्याकडे होतं ते कारण कोणी कारण मानत नव्हतं.

तो गेल्यावर भावजयीने तिला स्वयंपाकघरात गाठलं. ओट्याला पाठ लावून अर्धी उभी, दारात भावजय.

“आज खरं सांगा, ताई. होता ना कोणीतरी?”

अर्धीला एवढंच कळत होतं, की ही बाई दारातून हलली पाहिजे.

“होता,” ती म्हणाली. “वारला.”

भावजय दारातून हलली. तिने पहिल्यांदाच अर्धीसाठी कप भरून चहा केला. स्थळाचा विषय तिथेच मिटला. दुसऱ्या दिवशी रेडिओसुद्धा तासभर गप्प होती. एका थापेत सुटलो, असं अर्धीला वाटलं.

पण तो मेलेला माणूस काही तिला सोडेना. रेडिओने विचारलं, काय करायचे ते? समोर एक सुतार फळी ठोकत होता, म्हणून अर्धी म्हणाली, सुतारकाम. कशाने गेले? तापाने. आता ती गाणं म्हणू लागली की बायका हात थांबवून मान खाली घालायच्या. म्हणून तिने गाणं बंद केलं, तर सगळीकडे झालं, बिचारीला आता सोसवत नाही.

एका दुपारी बॉयलरवाल्याने तिला जिन्यापाशी थांबवलं.

“माफ करा. मला माहीत नव्हतं,” तो म्हणाला. “माझी बायको गेली तेव्हा तिच्या चपला दारात होत्या. कित्येक दिवस मी त्या ओलांडून जायचो. उचलवेनात. तुम्ही काय केलंत हो, त्यांच्या वस्तूंचं?”

तो खरंच विचारत होता. कुठूनतरी उत्तर मिळेल म्हणून विचारत होता. अर्धीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“कोणी नव्हतं,” ती म्हणाली. मग ती इतकं लांब बोलली, की तेवढं त्याने आधी कधी ऐकलं नसेल. “मी थाप मारली. तुमच्यात काही खोट नाही. मला कोणीच नको आहे, कधीच नको होतं. पण माझ्या ‘नको’ला कोणी मोजेना, म्हणून एक माणूस मारावा लागला.”

तो हळूच म्हणाला, “असं करू नका. गेलेल्या माणसाला नव्हताच म्हणू नये. मीही म्हणून पाहिलं, माझं लग्नच झालं नव्हतं. त्याने हलकं होत नाही.”

“अहो, खरंच नव्हता!”

“बरं, नव्हता,” तो म्हणाला. तापातल्या पोराची समजूत काढावी, तसा. आणि वरून आलेली चादरींची गाडी त्याने तिच्यासाठी ढकलत आत नेऊन दिली.

सुट्टीच्या दिवशी भावजयीकडे माहेरची माणसं आली. भावजयीने अर्धीला मागच्या खोलीतून बोलावून मधोमध बसवलं. पूर्वी पाहुण्यांसमोर नणंदेचा विषय टाळणारी भावजय आता अभिमानाने सांगत होती, “यांचं माणूस गेलं, पण यांनी दुसऱ्याचा विचार मनात आणला नाही.”

भावजयीच्या मावशीने अर्धीचा हात हातात घेतला. “कसे होते गं दिसायला?”

सगळे तिच्याकडे बघत होते. भाऊसुद्धा. त्याच्या नजरेत बहिणीबद्दल इतकी माया तिने कधी पाहिली नव्हती.

“उंच,” अर्धी म्हणाली.

“आणि?”

तिने दाराकडे पाहिलं. तिथेही कोणीतरी ऐकत उभं होतं.

“हात खरखरीत होते. सुतारकामाने.”

भावजयीने डोळे पुसले. मावशीने खुर्ची आणखी जवळ ओढली आणि म्हणाली, “बोल बाई, बोल. मोकळी हो.”