कार्डाच्या पाठीवरचं नाव

तारक्का कागद वाचायच्या आधी चोळायची. कोपरा अंगठ्यात आणि बोटात धरायचा, मान जरा तिरकी करायची, डोळे भलतीकडेच लावायचे आणि साडीचा पोत बघावा तसा कागद चोळत राहायचा. विजेचं बिल असो, लग्नपत्रिका असो, नाहीतर निवडणुकीचं पत्रक असो, सगळ्यांना एकच परीक्षा. मग निकाल लागायचा, "अंग हाय" किंवा "अंग न्हाय". ज्याला अंग नाही त्या कागदावर काय लिहिलंय याची तिला फारशी पर्वा नसे.

आमची ओळखही अशीच झाली. बेळगावच्या शहापुरात गल्लीच्या तोंडाशी माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. ती आधार कार्डाची प्रत काढायला आली, प्रत चोळली आणि जाड कागदावर पुन्हा काढून मागितली. दुपारची गर्दी होती आणि माझा स्वभाव काही साखरेत घोळलेला नाही. मी म्हटलं, "आक्का, बँकेत द्यायचंय ते, नेसायचं न्हाय." तिनं माझ्याकडे शांतपणे बघितलं. "नेसायचं नसलं म्हणून काय झालं गं? माझं नाव हाय त्याच्यावर." मी मुकाट्यानं जाड कागद लावला.

ती वडगावची लेक आणि शहापूरची सून, म्हणजे माहेरी माग आणि सासरीही माग. पुढच्या खोलीत माग चालायचे आणि मागच्या खोलीत माणसं राहायची. एके काळी आमच्या गल्लीत शेजारणीला हाक मारायची तर त्या खटखटाटावर घसा फोडावा लागे. पुढे बाहेरच्या स्वस्त साड्या बाजारात आल्या आणि माग एकेक करून थांबले. तिच्या घरचे भंगारात गेले. तिचे यजमान महादेवअण्णा उद्यमबागेत एका कारखान्याच्या गेटावर वॉचमन म्हणून उभे राहू लागले. तारक्काच्या हातांना मात्र बसून राहण्याची सवय नव्हती आणि ती लावून घ्यायची तिची तयारीही नव्हती.

माझ्या दुकानात कार्डांचा एक फिरता स्टँड होता. चमकी लावलेली गुलाबं, इंग्रजी कविता, लालभडक हृदयं. एका संक्रांतीच्या आधी तिनं तो स्टँड गोल फिरवून एकूण एक कार्ड चोळलं आणि विचारलं, यातलं एक तरी इथलं आहे का. मी म्हटलं, नाही, आणि आता कार्डं घेतंय कोण, मोबाईलवर फुकटचे तिळगूळ गावभर फिरतात, मी तर हा स्टँडच काढून टाकणार आहे. "काढू नकोस," ती म्हणाली. "पुढच्या संक्रांतीला ह्याच्यावर माझी कार्डं लागतील." मी हसले. ती हसली नाही.

तिच्या माळ्यावर जॅकार्डचे पत्ते पडून होते. ज्यांनी माग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. साडीच्या काठावर कोयरी किंवा मोर उठतो तो या पत्त्यांमुळे. पुठ्ठ्याच्या पट्ट्या असतात, त्यांना ठरावीक जागी भोकं पाडलेली असतात, आणि एकीला दुसरी दोरीनं ओवून त्यांची लांबच लांब माळ करतात. ती मागावर फिरते आणि भोकांच्या हिशेबानं धागे उचलले जातात. माग विकले तरी अण्णांनी ही माळ भंगारवाल्याला दिली नव्हती, कारण ती कोयरी त्यांच्या वडिलांनी करवून घेतलेली होती. तारक्काच्या मनात होतं की पत्ता कार्डाच्या पुढच्या बाजूला लावायचा आणि त्याच्यामागे रेशमी साडीचं कापड. म्हणजे भोकाभोकांतून रंग दिसेल.

तिनं अण्णांना विचारलं. अण्णा काही बोलले नाहीत, जेवले आणि ड्यूटीवर गेले. मी म्हटलं, अहो, गप्प राहणं म्हणजे होच की, घ्या काढून. तिनं माळेला हात लावला नाही. "इचारलंय न्हवं? मग उत्तर येईस्तवर थांबायचं. न्हायतर इचारायचं कशाला?" बरेच दिवस ती थांबली. मग एका दुपारी अण्णा स्वतः माळ्यावर चढले आणि ती माळ मांडीवर घेऊन दारात बसले. "कातर लावू नको. पत्ता फाटतोय. मी उसवून देतो," एवढंच ते तिला म्हणाले. संध्याकाळपर्यंत बसून त्यांनी गाठ न् गाठ सोडवली. दुकानातून मला ते दिसत होते. रडत नव्हते, पण रस्त्यानं जाणाऱ्या कुणी हाक मारली तरी वर बघत नव्हते.

एवढं होऊन पहिला माल वाया गेला, आणि तोही अशा चुकीनं की जी विणकराच्या घरातच व्हावी. तिनं कार्डं चिकटवली पिठाच्या खळीनं. मी माझ्या दुकानातला पांढरा गोंद पुढे केला तर म्हणाली, सुताला जन्मभर खळच लावली, कागदाला काय धाड भरलीय? उन्हाळाभर कार्डं करून तिनं लोखंडी ट्रंकेत भरली. पण सूत खळ पिऊन मागावर चढतं, विणलं जातं, वाऱ्यावर असतं. बेळगावच्या पावसाळ्यात ते कुणी ट्रंकेत कोंडून ठेवत नाही. आमच्याकडे पावसात भिंतीला पाठ टेकली तरी ब्लाऊज ओला होतो. गणपतीच्या सुमारास ट्रंक उघडली तेव्हा कार्डांवर हिरवी लव उठली होती आणि वास असा की मांजर शिंकत पळालं.

मला वाटलं, संपलं बाईचं खूळ. समजूत काढायला म्हणून गेले तर ती ट्रंकेसमोर बसून एक सडकं कार्ड चोळत होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "पुठ्ठा टिकलाय, सुमन. खळ नासली. नासली ती टाकायची, टिकलं ते ठेवायचं." आणि उघडीप मिळाली तसे तिनं ते पत्ते सोलून, पुसून गच्चीवर वाळत घातले. शेजारणी विचारायच्या, आक्का, पापड का? ती म्हणायची, "व्हय, संक्रांतीला वाढते." गोंद मात्र माझ्याकडून नेला, आणि नेताना माझ्याकडे मुद्दाम बघितलं नाही.

त्या संक्रांतीला माझ्या स्टँडवर तिची कार्डं लागली. ती खरोखर देखणी होती, माझ्या गुलाबांना लाज वाटावी इतकी. आतली बाजू कोरी होती. मी म्हटलं, निदान 'तिळगूळ घ्या गोड बोला' एवढं तरी छापा. तर म्हणाली, "आपली अर्धी गल्ली मराठीत लिवती, अर्धी कन्नडात. आत कोरं ठेवलं की भांडण न्हाय. ज्याचं त्यानं लिवावं." पाठीवर मात्र पेनानं लिहिलेलं असायचं, 'तारा, शहापूर'. काम वाढलं तशा गल्लीतल्या चारजणी तिच्याकडे येऊ लागल्या. तेव्हापासून ज्या कार्डावर जिचा हात, त्या कार्डावर तिचं नाव. कुठे गंगव्वा, कुठे शांता. डायऱ्या आल्या, आहेराची पाकिटं आली, तरी नियम तोच राहिला.

या नावाच्या हट्टाचं मूळ तिनं मला एकदा सांगितलं. कुठल्याशा लग्नात एका बाईच्या अंगावर तारक्काच्या सासऱ्यांनी विणलेली साडी होती. काठावरची कोयरी तारक्कानं लगेच ओळखली आणि हौसेनं म्हणाली, ही आमची साडी. ती बाई म्हणाली, छे हो, ही बाजारातल्या मोठ्या दुकानातली, हे बघा लेबल. "पहाटं उठून डोळं फुटंस्तवर इणायचा म्हातारा," तारक्का म्हणाली. "आनि लेबल दुसऱ्याचं."

मग निपाणीचे एक शेठ आले. तिकडे त्यांचं स्टेशनरीचं मोठं घाऊक दुकान. माणूस सज्जन होता. माल बघून खूश झाले आणि म्हणाले, लग्नसराईपासून दिवाळीपर्यंत जेवढा कराल तेवढा सगळा उचलतो. अट एकच, पाठ कोरी ठेवायची, तिथं त्यांच्या पेढीचं नाव छापलं जाईल. बोलणं माझ्या दुकानातच चाललं होतं. गंगव्वा आणि शांता दारात उभ्या होत्या. तारक्का नको म्हणाली. शेठ समजावणीच्या सुरात म्हणाले, "आक्का, पाठीमागचं नाव कोण वाचतंय?"

"कोण वाचत न्हाय तर तुमचं तरी कशाला छापताय?"

शेठ मनापासून हसले, चहा संपवला आणि निपाणीला परत गेले. ऑर्डरही त्यांच्याबरोबर गेली.

त्या संध्याकाळी गंगव्वानं तिला चांगलंच सुनावलं. वर्षभराचं काम दारात चालून आलं होतं आणि हिनं ते उंबऱ्यावरून परत पाठवलं. "नाव चुलीवर शिजत न्हाय, आक्का," ती म्हणाली. मला गंगव्वाचं पटत होतं आणि मी तसं बोललेही. तारक्कानं हातातलं कार्ड खाली ठेवलं. मग म्हणाली, "न्हाय शिजत, खरं हाय तुजं. जिला जायाचं तिनं जावं, माजा राग न्हाय. पर बिननावाचं काम मी जन्मभर केलंय. आता पुन्यांदा न्हाय." गंगव्वा गेली, तिच्यामागून शांता गेली, आणि उरलेल्या दोघीही आठवड्याभरात येईनाशा झाल्या.

आता वाटतं, तिची खरी जिद्द मी त्यानंतर पाहिली. ती एकटी कार्डं करायची आणि पिशवी घेऊन एस.टी.नं निघायची. कधी खानापूर, कधी सांबरा, आणि बाजाराच्या दिवशी न चुकता निपाणी. शेठच्या दुकानात जायची, गल्ल्याशेजारी एकच कार्ड ठेवायची, तेही उलटं, नाव वर करून. माल घ्या म्हणायची नाही. पाणी मागायची, प्यायची आणि परतीची बस धरायची. पावसाळा गेला, दसरा गेला, हिचं चालूच. नोकर हसायचे. ती आल्यावर शेठ आत जाऊन बसू लागले. शेवटी एक दिवस तेच बाहेर आले आणि म्हणाले, "आणा तुमचा माल नावासकट. माझा गल्ला मोकळा करा."

ती थेट गंगव्वाच्या दारात गेली. काय बोलणं झालं ते दोघींनीही कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी गंगव्वा कामावर होती, आणि पहिल्या कार्डाच्या पाठीवर नाव घालायला तारक्कानं पेन तिच्या हातात दिलं होतं.

एकदा बंगळूरच्या कुणा बाईंनी सांत्वनाची कार्डं मागितली. फिके रंग, पांढरं रेशीम, पैसेही बरे. बाकी कसल्याही मालाला हो म्हणणारी तारक्का याला मात्र नाही म्हणाली. "दुःखाला कार्ड नसतंय. दुःखाला जायाचं असतंय, न बोलता बसायचं असतंय."

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. दुपारी पाकिटं दुमडता दुमडता छातीत कळ आली आणि दवाखान्याची पायरी चढायच्या आतच सगळं आटोपलं. मी खूप रडले. इतकी रडेन असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी निपाणीचे शेठ बसनं आले, कट्ट्यावर अण्णांच्या शेजारी बसले, बराच वेळ काही न बोलता बसून राहिले आणि गेले.

पुढे तिची सून रेखा कामात उतरली. हुशार पोरगी. तिनं सुचवलं की आता सगळ्या मालावर 'तारक्का' असंच छापू या, आईंचं नाव राहील. मला ते फार आवडलं. दुकानदार म्हणून मला कळत होतं की ते नाव आता खपतं. गंगव्वानं मान हलवली. "तिनं न केलेलं तिच्या नावावर खपवायचं? उठून मारंल ती." आम्ही अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, "गंगव्वाचं बरोबर हाय." रेखानं त्या दिवसापासून आपल्या कार्डावर आपलं नाव घातलं.

तारक्काच्या हातची थोडी कार्डं तेवढी उरली होती. मी ती कपाटात ठेवून देणार होते, तर अण्णा म्हणाले, "इकायला केलती तिनं. लाव स्टँडवर." लावली. या संक्रांतीला ती एकेक करून गेली. शेवटचं उरलं ते मी मुद्दाम मागच्या खणात सारलं होतं, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून.

कॉलेजातली एक मुलगी आली. घाईत होती, बाहेर मैत्रीण स्कूटर चालू ठेवून उभी. तिनं स्टँड गोल फिरवला, नेमका मागच्या खणात हात घातला आणि तेच कार्ड काढलं. भोकांतून दिसणारा जांभळा रंग उजेडाला धरून बघितला. मग कार्ड उलटं केलं.

"तारा, शहापूर," तिनं वाचलं. "ह्या तारा कोण हो, काकू?"

मी झेरॉक्सचं मशीन बंद केलं आणि तिच्यापुढे स्टूल सरकवलं. "मैत्रिणीला सांग, गाडी बंद कर म्हणावं," मी म्हटलं. "वेळ लागंल."