डब्याचं झाकण

बाबा गेल्याची बातमी मला वामनकाकांनी फोनवर सांगितली. मी भंडाऱ्याला कॉलेजच्या वाचनालयात होते. काकांना धड बोलता येत नव्हतं, आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायला लाज वाटते… शेवटच्या घटकेलाही बाबांजवळ हेच होते. जेवणाच्या सुट्टीत, काकांच्या शेजारी बसलेले असतानाच बाबांच्या छातीत कळ आली. त्याला आता सहा आठवडे झाले.

बाबा मोहाडीजवळच्या एका लहानशा कारखान्यात फिटर होते आणि वामनकाका तिथले युनियनचे प्रतिनिधी. मी बारावीला असताना भट्टीवरच्या एका कामगाराचा हात भाजला. काकांनी हातमोज्यांसाठी लेखी मागणी केली, आणि काही दिवसांतच त्यांच्या हाती आरोपपत्र पडलं. फोरमनला मारण्याची धमकी दिली म्हणे. काका निलंबित झाले. चौकशीत आपल्या बाजूने बोलायला एका सहकाऱ्याला सोबत नेता येतं, पण त्या दिवसापासून जो तो काकांना पाहून वाट बदलू लागला. सातवी शिकलेले, घरात दिवसाला चार वाक्यं बोलणारे माझे बाबा मात्र उभे राहिले. आरोपात सांगितलेल्या वेळी ते भट्टीजवळच पाइप बसवत होते. धमकी कोणी दिलीच नव्हती, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

निलंबित माणसाने रोज गेटवर येऊन सही करायची, एक दिवस चुकला तर तोही गुन्हा. बोलवायचे नेमकं जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे सगळ्यांनी बघावं. बाबा डबा घेऊन गेटबाहेर जात आणि मोहाच्या झाडाखाली काकांसोबत जेवत. असे आठ महिने. आई दोघांपुरता भात आणि लाखोरीची डाळ भरायची आणि टोमणा मारायची, "वामनभाऊसंगं दुसरं लगनच करून घ्या."

झाडाखाली बाबा खूप बोलतात, हसतातसुद्धा, असं शेजारचे सांगत. घरी ते भिंतीला टेकून माझ्याकडून आरोपपत्र वाचून घेत आणि "पुन्हा वाच" एवढंच म्हणत. वाचताना मला वाटायचं, असं पत्र माझ्यावर आलं असतं तर बाबा माझ्याही शेजारी बसून बोलले असते…

माझ्या कॉलेज प्रवेशाचा दिवस आणि चौकशीचा दिवस एकच आला. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. मी म्हटलं, "बाबा, तुमीबी चाला ना. मले तिथलं काही समजत नाही."

"तुले वाचता येते, मंदा. त्याच्याजवळ कोनी नाही."

मी एकटीच एसटीने गेले. फॉर्मवर पालकांची सही नाही म्हणून परत पाठवलं. त्या दिवशी काकांच्या कागदांच्या पानापानावर बाबांची सही होती, आणि माझ्या फॉर्मवरची जागा रिकामी होती. हे मी बाबांना कधी बोलून दाखवलं नाही. पण त्याच दिवसांत डब्याचं झाकण हरवलं, तेव्हा मी त्यांच्यावर उगाचच खूप ओरडले होते. "पडलं असन कुठंतरी," ते म्हणाले. तेव्हापासून आई डब्यावर फडकं बांधून देत असे.

साक्ष बदलावी म्हणून बाबांना फिटिंगमधून काढून भंगार उचलायला लावलं. त्यांनी साक्ष बदलली नाही. शेवटी आरोप टिकला नाही आणि काका कामावर परत आले. बाबा मात्र भंगारातच राहिले.

गेल्या रविवारी काका घरी आले. जय भीम म्हणून बसले, आणि पिशवीतून त्यांनी आमच्या डब्याचं झाकण काढलं.

"चौथ्या महिन्यात मी राजीनामा लिवून आनला होता, बाई. तुह्या बापानं तो वाचलाबी नाही. झाकनात भात वाढला, अन् मंग म्हने, झाकन तुह्याजवळ राहू दे, उद्या आनजो. मले जेवाले लागते." काकांनी झाकण माझ्यापुढे सरकवलं. "रोज असंच. झाकन माह्याजवळ, मंग यावंच लागे. कामावर आल्यावर त्यानं मागतलं नाही, अन् मी देल्लं नाही."

मी झाकण हातात घेतलं. एका बाजूला पोचा आला होता. बाबांनी मला असं काही कधी सांभाळायला दिलं नव्हतं… ते तसंच कपाटात ठेवून द्यावं, काकांना पुन्हा दिसूही नये, असं वाटलं.

मग मी त्यात भात वाढला आणि काकांपुढे ठेवला. झाडाखाली बाबा काय बोलायचे, ते विचारलं. काका सांगू लागले की बाबांना पाण्याची भीती वाटायची, वैनगंगेच्या पुलावरून एसटी जाताना ते डोळे मिटून घ्यायचे. इतक्या वेळा मी त्यांच्यासोबत तो पूल ओलांडला, पण मी नेहमी खिडकीबाहेर बघत असायचे. पुन्हा तीच जळजळ झाली. काका आणखी सांगणार होते, पण त्यांच्या बसची वेळ झाली.

निघताना त्यांनी झाकण धुऊन माझ्यापुढे केलं. मी ते त्यांच्याच पिशवीत टाकलं.

"पुढच्या रविवारी आनजा, काका," मी म्हटलं. "मले जेवाले लागते."